माळ उडायला दिला आणि काही झालं, तर अंगावर कुणाच्या?

माळकरी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय जरा इपरीत आहे, पण इथं वकील, विमावाले, उडणारे आणि न उडता सल्ला देणारे असे सगळेच आहेत, म्हणून टाकतोय.

आमचा साडेनऊ एकर माळ आहे, दंडोबाच्या पलीकडं, कवठेमहांकाळच्या अंगाला. सातबारावर आबा (थोरले चुलते), माझे वडील आणि दोन आत्यांची नावं. जमीन मुरमाड. म्हैसाळचं पाणी तालुक्यात आलं, पण आमच्या या तुकड्यावर काही चढत नाही. त्यामुळं कुसळ आणि मेंढरं एवढंच पीक. मधोमध एक पट्टा मात्र तळहातासारखा सपाट, साधारण चारशे मीटर.

गेल्या महिन्यात एक जण आला. पॅरामोटर चालवतो. पाठीवर पंखा, डोक्यावर छत्री. शनिवार-रविवारी लोकांना दंडोबाचा डोंगर वरून दाखवायचा, माणशी अडीच हजार. पुढं दोन सीटचं मायक्रोलाइट विमान आणायचं म्हणतो. आम्हाला महिना आठ हजार. पाचशेच्या स्टॅम्पवर दोन पानं टाइप करून आणलीत. त्यात एक ओळ आहे: 'काही अपघात घडल्यास त्याची जबाबदारी जमीनमालकावर राहणार नाही.'

आबांचं म्हणणं, एवढं लिहिलंय की, कर सही. त्यांची अट एकच होती. भाडेपट्टा करायचा नाही, नाहीतर कूळ लागंल. म्हणून कागदाचं नाव 'वापर परवानगी' आहे आणि 'जमिनीचा ताबा कायम मालकाकडेच राहील' हे वाक्य त्यांनी ठळक अक्षरात घालून घेतलंय.

प्रश्न सरळ आहे. कुणी पडलं, मेलं, किंवा शेजारच्या द्राक्षबागेत जाऊन आदळलं, तर आबांच्या दारात कोण येणार?

बेदाणा | सोमवार, रात्री १०:०५

कवलापूरला विमानतळ होणार म्हणून ऐकत ऐकत आम्हाला मिसरूड फुटलं आणि ते पिकलंही. तुमच्या मेंढरांना आधी मिळाला! अभिनंदन.

बाकी घाबरताय कशाला? माळ तुमचा, पंखा त्याचा. ज्याचा पंखा त्याची काळजी. एसटी पलटी झाली म्हणून कडेच्या शेतकऱ्याला धरतं का कुणी?

रावसाहेब_निवृत्त | सोमवार, रात्री १०:३१

एसटीचा दाखला चुकला. रस्ता शेतकऱ्याचा नसतो आणि त्याचे महिना आठ हजार तो घेत नाही.

मी तीस वर्षं सातबारे लिहिले. माळकरी, दोन्ही आत्यांच्या सह्या आहेत का त्या कागदावर? नसतील तर अपघाताच्या आधी घरातच अपघात होईल. शिवाय शेतजमिनीवर हा धंदा म्हणजे बिगरशेतीचा विषय येतो, महसूल अधिनियम १९६६. तहसीलला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आणि कूळ लागतं ते जमीन कसणाऱ्याला. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कसणारं कूळ ज्या दिवशी जमिनीचं मालक ठरलं तो, आबांच्या पिढीच्या हाडांत मुरलेला आहे, त्यांना दोष देत नाही. आमच्याच वाड्यात त्या तारखेवरून दोन भाऊ आयुष्यभर बोलले नाहीत. पण छत्रीवाला त्या माळावर पेरणार काय?

कृष्णाकाठची_वकील | मंगळवार, सकाळी ७:१५

बेदाणा, तुमचा पंखा-न्याय कोर्टात चालला असता तर माझं ऑफिस कधीच बंद पडलं असतं.

माळकरी, आधी कागदाचं बघू. ती ओळ तुम्ही आणि पंखेवाला या दोघांतली. ज्या गिऱ्हाइकाची तंगडी मोडेल त्यानं त्या स्टॅम्पवर सही केलेली नाही, त्याला ती बांधत नाही. आबांना भरपाई भरावी लागली तर पंखेवाल्यानं ती भरून द्यावी, असं स्पष्ट लिहिलं असतं तर तुम्ही त्याच्या मागं लागू शकला असता. तुमच्या ओळीत तेही नाही. आणि असतं तरी वसुली त्याच्या खिशात असेल तेवढीच.

पोलिसांचं म्हणाल तर हयगयीनं मृत्यू. पूर्वी दंड संहितेचं कलम ३०४-अ, जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. गुन्हा नोंदवताना नावं सढळ हातानं घातली जातात. आबांचं नाव शेवटपर्यंत टिकेलच असं नाही, पण ते निघेपर्यंत तारखांना जायचं कोण?

भरपाईच्या दाव्यात खरी गंमत आहे. जागा ज्याच्या ताब्यात, त्याची येणाऱ्या-जाणाऱ्याबद्दलची जबाबदारी काय, यावर इंग्लंडमध्ये १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडं तसा नाही, आपण जुन्या निवाड्यांतल्या तत्त्वांवर चालतो. त्यातला मूळपुरुष म्हणजे १८६६ चा इंडरमॉर विरुद्ध डेम्स. आपल्या भागाला शोभेल असा, साखरेच्या कारखान्यातला! गॅसची जोडणी तपासायला आलेला कामगार कठडा नसलेल्या खोल भोकातून खाली पडला. कोर्ट म्हणालं, मालकाच्या कामाधंद्यासाठी जो आत आला त्याला, मालकाला माहीत असलेल्या किंवा माहीत असायला हव्या अशा धोक्यापासून जपलं पाहिजे. नुसत्या परवानगीनं, फुकट आलेल्याचा हक्क याहून कमी: माहीत असलेला लपलेला धोका त्याला सांगायचा. कुंपण ओलांडून आलेल्यासाठी मुद्दाम सापळा लावायचा नाही, इतकंच.

आठ हजार घेतले की आबा पहिल्या रांगेत बसले.

आणि मेख पुढंच आहे. ही जबाबदारी सातबाऱ्यामागं जात नाही, ताब्यामागं जाते. रीतसर भाडेपट्ट्यानं ताबा दिला असता तर त्या पट्ट्याची रोजची देखभाल, कोण उतरतंय, कुठं उतरतंय, हे बहुतेक सगळं त्याच्याकडं गेलं असतं. रावसाहेबांनी सांगितलंच, उडणाऱ्याला कूळ लागत नाही. कुळाच्या भीतीनं 'ताबा आमचाच' हे ठळक करून घेऊन आबांनी समोरच्या वकिलाला आयता पुरावा टाइप करून दिलाय.

बेदाणा | मंगळवार, सकाळी ७:४०

साखर कारखान्यात १८६६ ला पण भोकं होती म्हणायची.

सेसना_एकशेबावन्न | मंगळवार, दुपारी १:२०

कायदा ताईंचा, गवत माझं.

मी कराडला शिकलो. कोयना धरणाच्या कामासाठी पन्नासच्या दशकात केलेली ती पट्टी, डांबरी. डांबरावर शिकलेल्याला पहिल्यांदा गवतावर उतरवलं की कळतं, आपल्याला काहीच येत नाही. ब्रेक लावला की चाक थांबतं, विमान थांबत नाही.

ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या पत्रकात याचे आकडे दिलेत. वीतभर उंचीच्या कोरड्या गवतावर उड्डाणाला डांबरी पट्टीपेक्षा २० टक्के जास्त अंतर धरायचं, ओल्या गवतावर ३० टक्के. उतरताना कोरड्याला १५, ओल्याला ३५. आणि ओलं, हिरवं, अगदी बारीक कापलेलं गवत सगळ्यांत वाईट. त्यावर ६० टक्क्यांपर्यंत जादा लागू शकतं. दोन टक्के चढ असेल तर उड्डाणाला आणखी १० टक्के. वर सुरक्षेसाठी वेगळा गुणक लावायचा. चारशे मीटरमधून हे सगळं वजा करा आणि काय उरतं ते बघा.

छत्रीवाल्याला हे लागू नाही, तो चार पावलं पळून उठतो. मायक्रोलाइटला लागू आहे.

अपघात लांब नाहीत. जुलै २०२२ मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीला शिकाऊ विमान शेतात आदळलं, पोरगी थोडक्यात वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती भागात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. ही तर परवानाधारक संस्थांची विमानं, मागं प्रशिक्षक, यांत्रिक, सगळा लवाजमा असलेली.

माळकरी, मला एवढंच सांगा. तुमचे 'साधारण चारशे' कुणी चालून मोजलेत का? टोकाला तार आहे का? चालताना पायाला काय लागतं?

माळकरी | बुधवार, सायंकाळी ६:५०

आज सकाळी टेप घेऊन गेलो. पुतण्याला एक टोक धरायला लावलं.

३६२ मीटर. पश्चिमेला महावितरणची तार, पट्ट्याच्या टोकापासून तीस-पस्तीस पावलांवर. खांब दिसतात, तारा मात्र सकाळच्या उन्हात दिसतच नाहीत. मी लहानपणापासून बघतोय, तरी आज शोधाव्या लागल्या.

आणि एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची राहिली. खरं सांगायचं तर लिहावीशी वाटली नाही. पूर्वेच्या टोकाकडून साधारण पन्नास मीटर आत एक आडवा चर आहे. शेजाऱ्यानं तीन वर्षांमागं पाइपलाइन नेली तेव्हा आबांनीच जाऊ दे म्हणून सांगितलं होतं. वरवर बुजवला. दोन पावसाळ्यांत माती बसली. आता वीतभर रुंद, पाऊण हात खोल आहे आणि वर कुसळ असं माजलंय की उभं राहून दिसत नाही. गेल्या दिवाळीत माझाच पाय घोट्यापर्यंत आत गेला होता, आठ दिवस हळदीचा लेप लावून बसलो होतो. आज पुतण्या टेप घेऊन मागं मागं येत होता, तो बरोबर तिथंच पडला.

छत्रीवाल्याला हे सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नाही.

कृष्णाकाठची_वकील | बुधवार, रात्री ८:१०

माळकरी, आता मी मंगळवारचं उत्तर बदलते.

तुमचा पाय गेला, दुखणं काढलं, आबांनी स्वतः खणायला परवानगी दिली. म्हणजे धोका माहीत. वर गवत, म्हणजे लपलेला. 'त्यानं विचारलं नाही' हा बचाव नाही, विचारायला त्याला माहीत कुठं होतं? आता पैसे घेतले काय, फुकट दिलं काय, सांगणं आलंच. तार उघड्यावर आहे, ती दिसायला हवी होती असा वाद तरी घालता येईल. चराबद्दल तोंड उघडता येणार नाही. त्यात हा धागा आहेच. तुम्ही हे जाहीर लिहून बसलात!

चूक उडवणाऱ्याचीही असतेच. न बघता उतरला, ओल्यात उतरला, जादा वजन घेतलं. कोर्ट दोघांत वाटणी करतं. पण वाटणीत आबांचा वाटा शून्य राहील असं आता मी लिहून देणार नाही.

आंग्लदेशी_मिरजकर | बुधवार, रात्री ११:४५

मी इथं इंग्लंडमध्ये पंधरा वर्षं आहे आणि रविवारचा उडणारा आहे. इथं गवती पट्ट्या खूप. बहुतेक शेतकऱ्यांच्या.

पद्धत अशी की आधी फोन केल्याशिवाय उतरायचं नाही. फोनवर म्हातारा पट्ट्याची कुंडलीच सांगतो: पूर्वेचं टोक ओलं आहे, मधल्या कुंपणाजवळ ससे उकरतात, मेंढरं आज डाव्या बाजूला आहेत. मी ज्या पट्टीवर जातो तिथला मालक हे सगळं वहीत तारखेसह लिहितो. एकदा विचारलं, कशाला? म्हणाला, माझा मेव्हणा वकील आहे.

पाटीही असते, 'स्वतःच्या जबाबदारीवर उतरा'. पण इथल्या १९७७ च्या कायद्यानं, धंद्यासाठी जागा वापरणाऱ्याला स्वतःच्या हयगयीनं झालेल्या मृत्यूची किंवा दुखापतीची जबाबदारी अशा पाटीनं झटकता येत नाही.

उलट बाजूही सांगतो. विमान शेजाऱ्याच्या घरावर पडलं तर १९८२ च्या विमान कायद्याचं कलम ७६ आहे: जमिनीवरच्या माणसाला चूक सिद्ध करावी लागत नाही, विमानाचा मालक भरपाई देतो. आणि विमानाला त्रयस्थ (थर्ड पार्टी) विमा असावाच लागतो. पाचशे किलोखालच्या विमानालासुद्धा साडेसात लाख एसडीआरचा. एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशेबाचं चलन.

अजून एक. चौकशी अहवालात दोष ठरवत नाहीत, हे सगळे सांगतात. खरं आहे. पण २०११ मध्ये डॉर्सेटमध्ये एक जुनं टायगर मॉथ विमान पडून त्यातला तरुण प्रवासी गेला. त्याच्या घरच्यांनी चौकशी अहवाल दाव्यात पुरावा म्हणून मांडला आणि २०१४ मध्ये अपील कोर्टानं तो ग्राह्य धरला. रॉजर्स विरुद्ध हॉइल. तेव्हा अहवालात लिहिलं गेलं की ते दुसरीकडं वाचलं जाणारच.

रावसाहेब_निवृत्त | गुरुवार, सकाळी ६:०५

तो इंग्रज म्हातारा वहीत लिहितो हे आवडलं. पंचनाम्याच्या आधीचा पंचनामा.

पाचगणीकर | गुरुवार, सकाळी १०:३०

पंधरा वर्षं टँडम (गिऱ्हाइकाला सोबत घेऊन) पॅराग्लायडिंग करतोय. उंची, वारा, गिऱ्हाइकाची मळमळ, सगळं झेललंय. कायदेशीर म्हणावं असं एकच प्रकरण झालं, तेही स्ट्रॉबेरीचं.

वारा पडला म्हणून भिलारच्या बाजूला एका वाफ्यात उतरलो. गिऱ्हाईक पुण्याचं, त्याला काही झालं नाही. पण छत्री ओढत गेली ती तीन सऱ्या घेऊन. मल्चिंगचा कागद फाटला, पिकायला आलेली फळं चिखलात. मालक बाई विळा घेऊनच आल्या. मी म्हटलं, मावशी, हवा होती, माझ्या हातात नव्हतं. त्या म्हणाल्या, "हवा तुझी, सऱ्या माझ्या." तीन हजार आणि नव्या कागदाचे पैसे दिले. पुण्याच्या पाहुण्यानं वर किलोभर स्ट्रॉबेरी विकत घेतली.

ताई, दोन शंका आहेत. वरून उडण्यावर खटला भरता येत नाही असं ऐकलंय, मग मावशींना पैसे द्यायला लागत होते का? आणि आम्ही उडण्याआधी गिऱ्हाइकाची सही घेतो, 'जिवाची जबाबदारी माझी'. तिला किंमत किती?

कृष्णाकाठची_वकील | गुरुवार, दुपारी ३:००

मावशींचा न्याय माझ्यापेक्षा थोडक्यात आहे.

तुम्ही ऐकलं ते १९३४ च्या विमान कायद्याचं कलम १७. वाजवी उंचीवरून नुसतं उडून गेलात तर अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आलाय. पण वाफ्यात उतरणं म्हणजे 'नुसतं उडून जाणं' नव्हे. फाटलेला कागद आणि चिरडलेली फळं तुमच्याच नावावर. आणि आंग्लदेशींनी सांगितलेल्या कलम ७६ सारखी सोय आपल्या मावशींना नाही, भांडायचं झालं तर हयगय सिद्ध करत बसावं लागलं असतं. विळा जलद पडला.

सहीचं. आपल्याकडं याचा गाजलेला निवाडा आहे. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून रात्री उडालेलं डाकोटा विमान लगेच कोसळलं. मेलेल्या एका प्रवाशाच्या पत्नीनं दावा लावला. तिकिटावर छापलं होतं, हयगय असली तरी कंपनी जबाबदार नाही. १९६५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ती अट वैध धरली आणि बाईंच्या हाती काही आलं नाही. इंडियन एअरलाइन्स विरुद्ध माधुरी चौधुरी. मी हा निवाडा शिकले तेव्हाही चिडले होते, अजूनही चिडते.

तेव्हापासून पुष्कळ पाणी वाहून गेलंय. १९७२ चा हवाई वाहतूक कायदा आला. देशातल्या विमानप्रवासात मृत्यूसाठी २०१४ पासून २० लाखांपर्यंतची जबाबदारी कंपनीला अटी घालून टाळता येत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात अन्याय्य करार रद्द करून मागता येतो. अडीच हजार घेऊन सेवा दिलीत म्हणजे तो ग्राहक आहे. सेवेतल्या उणिवेसाठी तो जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो. वारसांचा दावा १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली, त्यालाही मुदत दोनच वर्षं. तुमची सही एवढंच सांगते की धोका आहे हे त्याला कळलं होतं. वाऱ्याचा धोका त्यानं पत्करला. तुमच्या जुन्या हार्नेसचा किंवा आबांच्या चराचा धोका पत्करला असं त्यातून निघत नाही.

आता तुम्ही १९७२ च्या कायद्यात येता का? हा वकिलांच्या जेवणावळीतला प्रश्न. १९३४ च्या व्याख्येत पतंगसुद्धा विमान होतं, खरंच. पण इंग्लंडमध्ये डिस्ले विरुद्ध लेव्हिन या २००१ च्या प्रकरणात दोन माणसांची पॅराग्लायडर छत्री हवाई वाहतुकीच्या नियमांपुरती 'विमान' नाही असं अपील कोर्ट म्हणालं. म्हणून छत्रीतल्या शिकाऊ बाईंचा दावा त्या नियमांतल्या दोन वर्षांच्या मुदतीत अडकला नाही. पुढं २००९ मध्ये तिथंच गरम हवेचा फुगा मात्र विमान ठरला आणि त्या माणसाचा दावा मुदतीत नाही म्हणून गेला. छत्री नाही, फुगा होय. आपल्याकडं कुणी विचारलं तर मी सांगीन, दोन वर्षांच्या आतच दावा लावा आणि हा वाद दुसऱ्याला घालू द्या.

विमा_बापू | गुरुवार, रात्री ९:१५

इतका वेळ गप्प होतो कारण तुम्ही लोक विम्याकडं शेवटी येता.

माळकरी, त्या माणसाकडं तीन कागद मागा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालची नोंदणी. २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात पॅरामोटर हा मोजलेल्या अकरा खेळांतला एक आहे, त्या खेळाच्या संघटनेचं सदस्यत्व. आणि त्रयस्थ जबाबदारीची पॉलिसी, ज्यात आबांचं नाव जादा विमाधारक म्हणून घातलेलं असेल. तो 'विमा आहे' म्हणाला तर विश्वास ठेवू नका, पहिलं पान उघडून 'कोणत्या धोक्यासाठी' ते वाचा. दहातले आठ जण स्वतःची अपघात पॉलिसी दाखवतात. ती त्याच्या हातापायासाठी असते, तुमच्यासाठी नाही.

आणि स्वतःची शेतकऱ्याची किंवा दुकानाची पॉलिसी कामाला येईल असं समजू नका. जबाबदारीच्या साध्या पॉलिसींत विमान, उडणारी यंत्रं वगळलेली असतात, बारीक अक्षरात.

आता एक विरोधाभास. वाळव्याकडं उसावर ड्रोननं फवारणी चालते. त्या ड्रोनला, अडीचशे ग्रॅमखालचे सोडले तर, २०२१ च्या ड्रोन नियमांनी त्रयस्थ विमा सक्तीचा केलाय, मोटारीसारखाच. खाली पडलं तर उसाच्या मालकाला कुणाकडं जायचं हे माहीत असतं. माणूस घेऊन उडणाऱ्या छत्रीबद्दल मात्र आपण धाग्यावर चर्चा करतोय.

बेदाणा | गुरुवार, रात्री ९:३२

म्हणजे आबांनी माळावर ड्रोन उडवावा, माणूस उडवू नये.

माझ्या शेडवर पडला तर सांगतो, दहा टन माल वाळत टाकलाय. मी विळा नाही, ताईंचा नंबर घेऊन येणार.

सेसना_एकशेबावन्न | शुक्रवार, सकाळी ८:००

मायक्रोलाइट आणायचं असेल तर नागरी विमान महासंचालनालयाची नोंदणी, वैमानिकाचा परवाना, जागेची परवानगी हे सगळं लागतंच. त्याला विचारा, कुठवर आलंय. 'होऊन जाईल' हे उत्तर आलं तर तेच उत्तर समजा.

माळकरी | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:३०

उशीर झाला, बेदाण्याचा सीझन चालू होता.

छत्रीवाल्याला घरी बोलावलं. आबा, वडील, थोरली आत्या, मी. बापूंचे तीन कागद मागितले. नोंदणीचा अर्ज 'दिलाय'. संघटनेचं सदस्यत्व 'होऊन जाईल'. विम्याचा कागद मोबाइलमध्ये दाखवला. मी पहिलं पान मोठं करून वाचलं: वैयक्तिक अपघात, नाव त्याचंच, मुदत मार्चमध्ये संपलेली.

मग मी त्याला माळावर नेलं आणि चर दाखवला. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "मी गेल्या महिन्यात दोनदा इथनंच उडालो, ट्रायल म्हणून." आम्हाला माहीतच नव्हतं. आबांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. दारात चपला काढताना म्हणाले, "ताबा आपला आणि उडतोय कोण ते आपल्यालाच ठावं न्हाई."

कागद झाला नाही. आबांनी ताईंना विचारायला सांगितलंय: भाडेपट्टा केला, ताबा दिला, चर बुजवून दिला, तार दाखवून त्याच्याकडून लिहून घेतलं, विमा आबांच्या नावासकट आला, तर मग? आठ हजार सोडायला त्यांचं मन होत नाही. आत्या म्हणते, चौथा हिस्सा मिळणार असेल तरच सही.

छत्रीवाल्याचा परवापासून फोन लागत नाही. दोन गावं सोडून एका गायरानाशेजारी उडतोय असं कळलं. तिथं कुणी काही विचारलं नाही म्हणे.

कृष्णाकाठची_वकील | रविवार, दुपारी २:१०

तर मग बरंच बरं. तेवढं सगळं एकत्र आलं तर मी स्वतः कागद करून देईन. ताबा देण्याआधी चर मात्र नीट बुजला पाहिजे. आपणच झाकून ठेवलेला धोका नुसत्या भाडेपट्ट्यानं दुसऱ्याच्या गळ्यात जात नाही.

बुजवला का?

माळकरी | रविवार, दुपारी २:४०

नाही अजून. दोन्ही बाजूंनी चुना मारलेले दगड लावलेत. गावातल्या पोरांनी त्यातलेच दोन उचलून नेले, पट्ट्यावर क्रिकेटचा स्टंप म्हणून. गुरुवारी जेसीबी येतोय.

रावसाहेब_निवृत्त | रविवार, दुपारी २:५५

पोरांना आजच सांगा. ती आठ हजार देत नाहीत, पण पाय त्यांनाही आहेत.